पैशाचें तोंड : एका टागालोग शब्दाची कुळकथा

फिलिपीन बेटांत, मनीला शहरीं व भोंवतालच्या मुलखांत जी टागालोग भाषा चालते, तिच्या बाजारी बोलींत ‘मुक्हांग पेरा’ असा एक जोडशब्द रूढ आहे. नात्यागोत्यांत काय किंवा कचेरींत काय, ज्याला पैशावांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं, त्याच्या नांवानें हा शब्द उच्चारला जातो. तो झोंबतोहि तसाच. कारण ‘ज्याचें तोंडच पैशाचें’ असा त्याचा सरळ अर्थ आहे.

यांतील पहिला शब्द मराठी कानाला परका वाटणार नाहीं. ‘मुक्हा’ म्हणजे संस्कृत ‘मुख’च होय. मलायी भाषेंत त्याचें ‘मुका’ झालें. टागालोग भाषेनें ‘ह’ राखला, पण तो ‘क’पासून सोडवून वेगळा उच्चारला. शेवटचा अनुनासिक हा दोन शब्दांना जोडणारा प्रत्यय आहे. असे संस्कृत शब्द तेथें कोणा सेनापतीनें नेले नाहींत. ते व्यापाराच्या वाटेनें, बहुतांशीं मलायी भाषेच्या द्वारें गेले.

‘पेरा’ची कथा निराळी. १५६५ पासून १८९८ पर्यंत या बेटांवर स्पेनची सत्ता होती. स्पेनमध्यें १८७० सालीं पांच व दहा सेंतिमोंचीं नवीं नाणीं निघालीं. त्यांवर ढाल धरून उभा राहिलेला सिंह कोरला होता. पण लोकांना तो कुत्र्यासारखा दिसला, आणि त्यांनीं त्या नाण्यांना ‘पेर्रा’, म्हणजे कुत्री, असें नांव ठेवलें. याच थट्टेच्या नांवावरून टागालोगमधील ‘पेरा’ आला, अशी व्युत्पत्ति सामान्यतः दिली जाते. राजमुद्रेचा सिंह असा कुत्री झाला, आणि सातासमुद्रांपलीकडे सर्वच पैशाचें तें नांव होऊन बसलें.

लगूना प्रांतांत १९८९ सालीं नदीच्या वाळूंत एक ताम्रपट सांपडला. त्यावर शके ८२२, म्हणजे इ. स. ९००, वैशाख मास असा काल दिलेला आहे. भाषा जुनी मलायी असून तींत संस्कृत शब्द विपुल आहेत. नामवरान नांवाच्या गृहस्थाचें एक काटी व आठ सुवर्ण एवढें ऋण फिटलें, त्याच्या वंशजांकडे तें कोणी मागूं नये, असा त्याचा आशय आहे. लोभ्याला ‘पैशाचें तोंड’ म्हणणाऱ्या या देशांत सांपडलेला सर्वांत जुना कालनिर्देशित लेख असा ऋणमुक्तीचा आहे.