जनावरांस वेदनाशामक औषध देताना घ्यावयाची दक्षता

मेलेली जनावरे फस्त करून गिधाडे शिवार स्वच्छ राखतात. परंतु डायक्लोफिनॅक टोचलेले जनावर लवकरच दगावले, तर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती थोड्याच दिवसांत मरतात. म्हणून सरकारने २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनास बंदी केली. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांसही बंदी झाली. माणसांसाठीची कुपी आणून जनावरास टोचणेही तितकेच घातक होय.

जनावर लंगडू लागल्यास अथवा कासेस सूज आल्यास पशुवैद्यास बोलवावे. मेलॉक्सिकॅम अथवा टॉल्फेनॅमिक ॲसिड ही गिधाडांस निर्धोक औषधे त्यांच्या सल्ल्यानेच, ठरलेल्या मात्रेत द्यावीत. बंदी असलेले औषध दिलेले जनावर मेल्यास उघड्यावर न टाकता खोल पुरावे.