चोपड्यातले दोन श्रावण

झाईच्या घरी लाल कापडाच्या बांधणीचा चोपडा अजून जपून ठेवला आहे. सुकी मासळी उचलणाऱ्या गुजराती शेठने आजोबांचं खातं त्यात मांडलेलं. पानांना वाळवी लागलीय, पण शाई ठळक आहे. मी गेलो होतो काकांची खरी जन्मतारीख शोधायला. शाळेच्या दाखल्यावर १ जून, म्हणजे नाव घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली. आपल्याकडे त्या पिढीत घरोघरी एक तरी १ जूनवाला सापडतोच.

चोपड्यात मात्र नोंद होती : संवत २००३, श्रावण सुद ११, रोकडा ५, सुवावड खर्च. सुवावड म्हणजे बाळंतपण. सुईणीसाठी घेतलेली ती उचल असणार.

घरातल्या कुणीतरी पूर्वीच कोपऱ्यात पेन्सिलीने १९४६ लिहून ठेवलं होतं. विक्रम संवतातून ५७ वजा करायचे, हा सगळ्यांना पाठ असलेला हिशेब. उत्तरेकडचा संवत चैत्रात बदलतो, तिथे तो चालतो. गुजराती संवत दिवाळीनंतर, कार्तिक सुद एकमेला बदलतो. त्यामुळे कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ आणि पुढे आश्विनापर्यंत ५६ वजा करायचे. श्रावण आहे, म्हणजे साल १९४७. मराठी शक काढायचा तरी हीच अडचण : चैत्र ते आश्विन १३४ चा फरक, कार्तिक ते फाल्गुन १३५ चा. शेजारचा, आज गुजरातेत असलेला उंबरगाव तालुका १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. या पट्ट्यात पत्रिका शकात आणि उधारी संवतात, असं एकाच घरात सापडलं तर नवल वाटायला नको. म्हणून आकड्याला हात लावण्याआधी मी विचारतो, वही कुणाची?

साल लागलं, पण महिना अडला. १९४७ साली श्रावण अधिक होता. पहिला जुलैच्या मध्यापासून १६ ऑगस्टपर्यंत, दुसरा त्यानंतर. एकाच तिथीच्या दोन तारखा, मधे साधारण एक महिना आणि स्वातंत्र्याचा दिवस! शेठने नोंदीत पहिला की दुसरा, काही लिहिलं नव्हतं.

मग मी मागची पानं एकेक उलटत गेलो. बोट ठेवून वाचलं : आषाढ वद, श्रावण सुद, श्रावण वद, अमास. आणि पुन्हा श्रावण सुद. आपली नोंद या दुसऱ्या फेरीत होती. म्हणजे निज श्रावण, ऑगस्टची अखेर. सुटं पान हाती आलं असतं तर हे कधीच कळलं नसतं. जुन्या वह्यांतलं हवं तेवढंच पान फाडून जपणाऱ्यांना मी म्हणूनच कळकळीने सांगतो, शिवण उसवू नका.

शेजारी बोर्डी-घोलवडला चिकूच्या वाड्या असलेल्या पारशी-इराणी घरांत गुंता वेगळा. तिथे तिथीऐवजी रोज (दिवस) आणि माह (महिना). वर्ष ३६५ दिवसांचंच, त्यामुळे नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतो. त्यातच १७४५ मध्ये सुरतेत काहींनी इराणातली गणना घेतली. तेव्हापासून जुनी गणना पाळणारे शहेनशाही आणि ही नवी घेणारे कदमी यांच्यात एका महिन्याचं अंतर आहे. पंथ विचारल्याशिवाय तारीख काढता येत नाही. याहून मागे गेलं की पोर्तुगीज कागद लागतात. त्यांनी सोळाव्या शतकातच नवं कॅलेंडर घेतलं, इंग्रजांनी १७५२ मध्ये. वसई पडली त्या १७३९ सालात एकाच दिवसाच्या दोघांच्या तारखांत अकरा दिवसांचा फरक आहे.

चोपडा मिटून मी काकींना म्हटलं, “नारळी पुनवेच्या चार दिवस आधीचा जन्म दिसतोय.”

त्या हातातलं काम ठेवून उठल्याच. “अरे, सासूबाई सांगायच्या ना! त्या साली अख्खा गाव दर्याला नारळ द्यायला गेला आणि त्या एकट्या बाजेवर, पोराला घेऊन.”