छातीतील कळ : हृदयाच्या रक्तपुरवठ्याविषयी थोडेसे

साठीच्या घरातील एक गृहस्थ घ्या. राहणे चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. महिनाभर झाला, दुसरा जिना चढताना छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखे होते. कठड्याला धरून दोन-चार मिनिटे उभे राहिले की थांबते. घरची मंडळी म्हणतात, "गॅस असेल, ओवा खा." ते ओवा खातात आणि बरे वाटते. बरे वाटते ते ओव्याने नव्हे, थांबल्याने. पण हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

हृदय म्हणजे स्नायूंचा पंप. वजन सुमारे ३०० ग्रॅम, दिवसाला ठोके सुमारे एक लाख. साऱ्या शरीराला रक्त पुरविणाऱ्या या पंपाला स्वतःसाठीही रक्त लागते, आणि ते महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन धमन्यांतून मिळते. त्यांना कॉरोनरी धमन्या म्हणतात.

विद्यार्थ्यांनी येथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. हातापायांचे स्नायू विश्रांतीत असताना रक्तातील थोडाच प्राणवायू घेतात. श्रम वाढले की त्याच रक्तातून अधिक काढून घेतात. हृदयाला ही सोय नाही. ते विश्रांतीतही जवळजवळ ७० टक्के प्राणवायू काढून घेत असते. म्हणून काम वाढले की त्याला जास्त रक्तच हवे. निरोगी धमन्या ते चार-पाच पट वाढवून देऊ शकतात. दुसरी गोष्ट अशी की, हृदय आकुंचन पावते तेव्हा त्याच्या भिंतीतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात. त्यामुळे डाव्या कप्प्याच्या जाड भिंतीला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधील विसाव्यात. जिना चढताना ठोके वाढतात आणि हा विसावाच कमी होतो. मागणी वाढते, नेमकी त्याच वेळी पुरवठ्याची वेळ आखडते.

धमनीच्या आतील थरात चरबीचे थर साचून ती सुमारे ७० टक्के अरुंद झाली, तर बसल्या जागी पुरणारे रक्त श्रमात पुरत नाही. या टंचाईला इस्किमिया आणि तिच्यामुळे होणाऱ्या वेदनेला अंजायना किंवा हृदयशूल म्हणतात. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनमध्ये तिचे वर्णन केले : चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर येणारी, उभे राहताच जाणारी वेदना. त्यांच्याजवळ कार्डिओग्राम नव्हता. आजही विश्रांतीत काढलेला कार्डिओग्राम अशा रुग्णात नॉर्मल येऊ शकतो. तेव्हा तेवढ्यावर पेढे वाटू नयेत. श्रम करवून घेतलेली तपासणी डॉक्टर सांगतील.

ही वेदना बोटाने दाखविता येत नाही. रुग्ण छातीवर मूठ ठेवतो. ती डाव्या हातात, जबड्यात, पाठीतही जाते. स्त्रियांत व मधुमेही रुग्णांत पुष्कळदा दुखतच नाही. नुसती धाप, घाम, कमालीचा थकवा.

जिभेखाली ठेवण्याची गोळी धमन्या व शिरा सैल करून हृदयावरचा भार उतरविते. लंडनच्या विल्यम मरेल यांनी यासाठी नायट्रोग्लिसरीनचा उपयोग १८७९ मध्ये प्रसिद्ध केला. डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांनाही उतारवयात डॉक्टरांनी तेच द्रव्य लिहून दिले होते! गोळी मात्र बसूनच घ्यावी. रक्तदाब उतरून चक्कर येते.

आता धोक्याची बाजू. वेदना बसल्या जागी आली, पूर्वीपेक्षा कमी श्रमात येऊ लागली, किंवा विश्रांती व गोळीनंतरही पाच मिनिटांत थांबली नाही, तर चरबीचा थर फुटून रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो. मग ओवा नको, सोडा नको, सकाळपर्यंत वाट पाहणेही नको. रुग्णाला जिना उतरवू नये, स्कूटर चालवू देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसल्यास ३०० मिलिग्रॅम चावून खाण्यास देतात.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांतील पाहणीत दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला आढळला. इतरत्र ५९ च्या आसपास. विडी-सिगारेटप्रमाणे चघळण्याच्या तंबाखूनेही धोका वाढतो, असे त्यात दिसले. आपल्याकडील मशेरीही तंबाखूचीच, हे भगिनींनी लक्षात घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्यावे : कितव्या पायरीला दुखते, किती मिनिटांत थांबते, आणि मागच्या महिन्यात किती पायऱ्या चढता येत होत्या.