गाडीचा बाजूचा दरवाजा

आगगाडी आणि सिनेमा यांचे नाते जन्मापासूनचे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या ज्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, त्यांत स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचीही एक होती. त्या गाडीतले उतारू कोणत्या वर्गाच्या डब्यातून उतरले, हे त्या दिवशी कुणी विचारले नसेल. पडद्यावर गाडी हलते आहे, हेच नवल पुरेसे होते. पुढे शे-सव्वाशे वर्षांत पडद्यावरच्या गाडीत दरोडे पडले, खून झाले, प्रेमे जमली आणि मोडली. पण गाडी म्हणजेच समाज आणि डबा म्हणजेच वर्ग हे समीकरण इतके शब्दशः मांडण्याचे धाडस केले ते दक्षिण कोरियाच्या बोंग जून-हो या दिग्दर्शकाने, २०१३ साली, 'स्नोपिअर्सर' या चित्रपटात.

बोंग हा समाजशास्त्राचा विद्यार्थी, सोलच्या योन्से विद्यापीठातला. लॉब आणि रोशेत या लेखक-चित्रकार जोडीची १९८२ सालची फ्रेंच चित्रकथा सोलमधल्या एका कॉमिक्सच्या दुकानात त्याच्या हाती लागली आणि ती त्याने तिथेच उभ्या उभ्या वाचून काढली, असे तो सांगतो. प्रागच्या बारांदोव्ह स्टुडिओत डबे उभारून, ते यंत्रावर हलवत ठेवून २०१२ मध्ये चित्रीकरण झाले. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर. हॉलिवुडच्या मानाने किरकोळ, कोरियाच्या मानाने डोळे पांढरे करणारा.

कथा थोडक्यात अशी. पृथ्वीचे तापणे थांबवण्यासाठी हवेत एक रसायन सोडले जाते आणि ते इतके लागू पडते की सारे जगच गोठते. (सूर्याची उष्णता अडवण्यासाठी वातावरणात कण सोडावेत की काय, यावर शास्त्रज्ञ खरोखरच वाद घालत आहेत, हे वाचकांच्या कानावर असेलच.) उरलेली मानवजात एका गाडीत. ही गाडी वर्षातून एकदा पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करते आणि कधीही थांबत नाही. पुढे इंजिन आणि त्याचा निर्माता विल्फर्ड, त्यामागे श्रीमंत, शेवटच्या डब्यात फुकटे. त्यांना खायला काळ्या जेलीसारख्या वड्या. सतरा वर्षे असे चालल्यावर कर्टिस नावाचा तरुण बंड उभारतो. एवढे इंधन कुठून येते, रूळ कोण दुरुस्त करते, असले प्रश्न विचारणाऱ्याने हा चित्रपट पाहू नये.

बोंगची पहिली करामत दिशेची. सबंध चित्रपटभर इंजिन पडद्याच्या उजवीकडे आणि शेपूट डावीकडे. कर्टिस उजवीकडे पाहतो तेव्हा सत्ता, डावीकडे पाहतो तेव्हा आपली माणसे. कुऱ्हाडींच्या त्या भीषण मारामारीत एक क्षण येतो. डावीकडे एडगर, धाकट्या भावासारखा वाढवलेला पोरगा, शत्रूच्या तावडीत. उजवीकडे पळून जाऊ पाहणारी मंत्रीणबाई मेसन. कर्टिस उजवीकडे वळतो. एडगर मरतो. शब्द एकही नाही, पण पुढारी होण्याची किंमत कळते. ती पुरती कळते ते बऱ्याच उशिरा, जेव्हा कर्टिस सांगतो की सुरुवातीच्या काळात भुकेने माणसे माणसांना खात होती, आणि तान्ह्या एडगरला मारायला सुरी घेऊन जो धावला होता, तो मीच. तेव्हा एका म्हाताऱ्याने स्वतःचा हात तोडून दिला आणि पोर वाचले. मागाहून अनेकांनी हात-पाय दिले. कर्टिसला मात्र आपला हात तोडणे जमले नाही. दंडावर नुसता व्रण राहिला.

मारामाऱ्या उत्तमच आहेत. पण माझ्या मते चित्रपटाचा प्राण आहे मधल्या डब्यांत. बाग येते, मत्स्यालय येते, शाळा येते, दंतवैद्य येतो, शिंपी येतो, केशकर्तनालय येते. रक्ताने माखलेली ही माणसे त्यातून चालत जातात आणि तिथली मंडळी त्यांच्याकडे पाहतात ती घाबरून नव्हे, किंचित त्रासिक नजरेने. जेवताना दार वाजावे तशी. यांनी कुणावर चाबूक उगारलेला नाही. मागच्या डब्यातली वडी झुरळे भरडून करतात, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. रविवारी सकाळी चहाबरोबर पुरवणी उघडणाऱ्या तुम्हा-आम्हाला हे डबे ओळखीचे वाटावेत. शाळेच्या डब्यात गरोदर बाई मुलांना विल्फर्डच्या स्तुतीचे गाणे शिकवतात, नववर्षाची उकडलेली अंडी वाटली जातात, आणि अंड्यांच्याच ढिगाखालून बंदूक निघते.

मत्स्यालयात मेसनबाई एक गोष्ट समजावून सांगतात. मासे वर्षातून दोनदाच खायचे, कारण टाकीतली संख्या समतोल राहिली पाहिजे. प्रेक्षक हसतो. पण हाच हिशेब इंजिनात पोचल्यावर कर्टिसपुढे मांडला जातो, माणसांच्या बाबतीत. मागच्या डब्यात गर्दी वाढली की बंड घडवायचे, ठरावीक टक्के माणसे मरू द्यायची, उरलेल्यांना ऐसपैस जागा मिळते. मृतांचा आकडा आधीच ठरलेला: ७४ टक्के. आणि या योजनेत विल्फर्डचा भागीदार कोण? शेवटच्या डब्यातला तोच हात तोडून देणारा पूज्य म्हातारा!

माझ्या मते चित्रपटाचा खरा घाव इथे आहे. जुलमी सत्तेची चित्रे आपण पुष्कळ पाहिली. त्यात शेवटी सिंहासन उलथते किंवा नायक धारातीर्थी पडतो. इथे सत्ता बंडाला भीत नाही. बंड हा तिच्या जमाखर्चातला एक रकाना आहे. विजयी बंडखोराला विल्फर्ड आपली गादीच देऊ करतो, आणि कर्टिस क्षणभर मोहात पडतो. एड हॅरिसने हा विल्फर्ड रेशमी झग्यात, मांसाचा तुकडा परतत, इतक्या आपुलकीने रंगवला आहे की आपल्यालाही त्याचे पटू लागते. मग जमिनीची एक फळी उचलली जाते. खाली पाच वर्षांचा एक मुलगा यंत्राचा सुटा भाग झालेला आहे. मूळ भाग झिजून गेला, नवा मिळत नाही, आणि त्या पोकळीत लहान मूलच मावते. पोराला बाहेर काढण्यासाठी कर्टिस चाकांत हात घालतो. जो हात तेव्हा देता आला नव्हता, तो आता जातो.

वितरक हार्वे वाइनस्टीन याला हा चित्रपट वीसेक मिनिटांनी छाटायचा होता. मारामारीपूर्वी शिपाई कुऱ्हाडींनी एक मासा चिरतात, तेही दृश्य त्याला नको होते. बोंगने ते वाचवायला थाप मारली, की माझे वडील कोळी होते, हे दृश्य त्यांच्यासाठी आहे. वडील प्रत्यक्षात ग्राफिक डिझायनर! दृश्य राहिले. चित्रपट अखंड राहिला, पण अमेरिकेत २०१४ मध्ये तो मोजक्याच पडद्यांवर लागला. सहा वर्षांनी 'पॅरासाइट'ने याच माणसाला चार ऑस्कर मिळवून दिले. तिथे त्याने आडवी गाडी उभी केली आणि डब्यांच्या जागी तळघर, जिना आणि बंगला आला. तो चित्रपट अधिक घोटीव आहे, हे मान्य. तरी ओबडधोबड 'स्नोपिअर्सर'मध्ये एक गोष्ट आहे, जी त्यात नाही.

ती आहे नामगुंग मिन्सूपाशी. दारांची कुलुपे उघडणारा हा नशेबाज कारागीर. सगळे पुढे पाहत असताना हा खिडकीबाहेर पाहत आलेला. बर्फात गाडलेल्या एका विमानाचा दरवर्षी थोडा अधिक भाग उघडा पडतो, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. इंजिनाच्या दाराशी तो कर्टिसला म्हणतो की मला उघडायचे आहे ते हे दार नव्हे, बाजूचे आहे. इतकी वर्षे लोकांना ते भिंतच वाटत आले. चैनी तरुणांच्या डब्यातून त्याने उचललेली स्फोटक नशा आणि फरचे कोट कशासाठी, याचा उलगडा तेव्हा होतो.

शेवट सांगतो आहे, क्षमस्व. स्फोट होतो, कडा कोसळतो, गाडी रुळावरून जाते. मिन्सूची सतरा वर्षांची मुलगी योना आणि इंजिनातून काढलेला तो पाच वर्षांचा टिमी त्या कोटांत बाहेर पडतात. दूर उतारावर एक पांढरे अस्वल त्यांच्याकडे वळून पाहते. हे आशेचे चिन्ह की ते या दोघांना खाणार, यावर प्रेक्षक अजून भांडतात. माझे लक्ष मात्र त्यांच्या पायांकडे होते. दोघेही गाडीत जन्मलेले. न हलणाऱ्या जमिनीवर ते प्रथमच उभे होते.