फोर बाय फोर गाडी आहे, मग घाटात भीती कसली? समजून घ्या

पावसाळ्यात सातपुड्यात धडगावकडे गाडी काढताना ‘फोर बाय फोर आहे, काळजी नाही’ असं म्हणणारे बरेच भेटतात. हे अर्धंच खरं आहे.

नाशिकला बनणाऱ्या ‘थार’च्या फोर बाय फोर मॉडेलमध्ये त्यासाठी वेगळा लिव्हर असतो. तो टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. चिखलात हे उत्तम, कोरड्या डांबरावर नको. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि यंत्रणेवर ताण येतो. १९८० मध्ये आलेल्या ‘ऑडी क्वाट्रो’ने मधल्या डिफरन्शियलने हा ताण सोडवला. चारही चाकांना कायम ताकद, म्हणजेच ऑल व्हील ड्राइव्ह, आणि जोडीला पाच गिअरचं मॅन्युअल. रॅलीचं गणितच बदललं.

पण उतारावर? ब्रेक तर साध्या गाडीतही चारही चाकांना असतात! थांबायला ऑल व्हील ड्राइव्हची मदत होत नाही. तिथे कामी येतो गिअर. दुसऱ्यात टाका, ॲक्सिलरेटर सोडा. इंजिनच गाडी आवरतं, ब्रेक तापत नाहीत. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: आजच्या इंजिनात गिअरमध्ये पाय सोडला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये ते जळतच राहतं.