चुकीला मिळणारी बक्षिसी

पोकरमध्ये नवा माणूस कोणत्या चुका करतो, हे शोधायला संशोधन लागत नाही. तो फार डाव खेळतो, समोरच्याने पैसे वाढवले की उत्सुकतेपोटी बरोबरी करतो, एकाच जातीची दोन पाने दिसली की हुरळतो, आणि ज्याला थाप मारून काही उपयोग नाही अशालाच थाप मारतो. ही यादी प्रत्येक प्राथमिक पुस्तकात असते आणि तिचा सारांश अर्ध्या तासात कळतो. तरीही यादी पाठ असलेली माणसे टेबलावर बसली की तेच करतात. त्यांना शिस्त नाही, लोभ आवरत नाही, असे कारण सहसा दिले जाते. मला ते अपुरे वाटते. लोभी माणूसही विस्तवाला दुसऱ्यांदा हात लावत नाही, कारण विस्तव दर वेळी भाजतो. पोकरमधली चूक दर वेळी भाजत नाही. कधी कधी ती रोख पैसे देते, तेही चारचौघांत, आणि नवा माणूस धडा त्या पैशांकडून घेतो, पुस्तकाकडून नाही.

एक डाव मांडून पाहू. खेळ टेक्सस होल्डेम, म्हणजे प्रत्येकाला दोन पाने आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच. टेबलावर नऊ जण, सक्तीच्या बोली ५० आणि १०० रुपयांच्या. आपल्या नवख्याला सुरुवातीच्या जागेवर चौकटचा एक्का आणि किलवरची छक्की येते. एक्का दिसला म्हणून तो १०० टाकतो. पाने उघडल्यावर शेवटी बोलणारा खेळाडू ४०० करतो, सक्तीच्या बोलीवाले दोघे पाने टाकतात, नवखा आणखी ३०० घालतो. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, ९५०. पहिली तीन पाने उघडतात: इस्पिकचा एक्का, बदामची राणी, बदामची अठ्ठी. एक्क्याची जोडी लागली! समोरून ५०० येतात, हा बरोबरी करतो. चौथे पान तिर्री, समोरून १०००, पुन्हा बरोबरी. पाचवे पान छक्की. आता याच्याकडे दोन जोड्या आहेत, हा २००० लावतो, समोरचा बराच वेळ विचार करून बरोबरी करतो आणि एक्का-गुलाम उलटा करतो. पॉट ७९५० रुपयांचा, त्यात नवख्याचे स्वतःचे ३९००. निव्वळ फायदा ४०५०. टेबलावर कौतुक होते, आणि हरलेला माणूस काही न बोलता चिप्स ढकलतो.

या डावात नवख्याने निदान तीनदा चूक केली होती. पहिली तीन पाने उघडली तेव्हा छक्की येऊन वाचण्याची शक्यता साधारण आठातून एकदा होती. चौथ्या पानानंतर न दिसलेल्या ४४ पानांत छक्क्या फक्त ३ उरल्या, म्हणजे पंधरातून जेमतेम एकदा. तिथे २९५० रुपयांच्या पॉटसाठी तो १००० घालत होता. असा सौदा फायद्यात राहायला चारातून एकदा तरी जिंकावे लागते. यावर रास्त आक्षेप असा की समोरची पाने त्याला दिसत कुठे होती? समोरचा थापही मारत असेल, बदामाच्या दोन पानांवर फ्लशची, म्हणजे एकाच जातीच्या पाच पानांची, वाट पाहत असेल. खरे आहे, आणि अशा वेळी बरोबरी करणे योग्यही ठरते. पण दिसत नसलेले पान मोजता येते. एक एक्का याच्या हातात, एक मध्ये, म्हणजे बाहेर दोनच. त्या दोन एक्क्यांबरोबर राजा ८ प्रकारे येऊ शकतो, राणी ६ प्रकारे, गुलाम ८ प्रकारे. याला हरवणाऱ्या या २२ जोड्या झाल्या, आणि हातात राण्यांची किंवा अठ्ठ्यांची जोडी धरून तिघाडी केलेले हात त्यात अजून धरलेले नाहीत. आधी पैसे वाढवून मग दोनदा लागोपाठ लावणाऱ्या माणसाकडे या पानांपैकी काही असणे स्वाभाविक होते. नवखा समोरच्याच्या हातात एकच पान कल्पतो, बहुधा स्वतःला सोयीचे. सरावलेला खेळाडू पानांचा अख्खा गठ्ठा कल्पतो आणि दर बोलीला त्यातून थोडी पाने काढून टाकतो. खरा फरक इथे आहे, चेहरे वाचण्यात नाही. सिनेमांनी चेहऱ्याचे महत्त्व फार वाढवून ठेवले आहे.

आपल्याकडच्या नवख्याची आणखी एक अडचण आहे. तो कोऱ्या पाटीने येत नाही, तीन पत्ती खेळून येतो. गणपतीत रात्र जागवताना हात बसलेला असतो. त्यामुळे पोकरमध्ये फ्लश सीक्वेन्सच्या वर का, हे त्याला पटत नाही, कारण तीन पत्तीत सीक्वेन्स कलरला, म्हणजे तिथल्या फ्लशला, मारते. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. तीन पानांत साधी सीक्वेन्स ७२० प्रकारे जमते, कलर १०९६ प्रकारे. पाच पानांत सीक्वेन्स १०,२०० प्रकारे आणि फ्लश ५,१०८ प्रकारे, म्हणजे दुर्मीळपणाचा क्रमच उलटतो. (तीन पत्तीतही गणित पूर्ण पाळलेले नाही. ट्रेल ५२ प्रकारे होते, प्युअर सीक्वेन्स ४८ प्रकारे, तरी मान ट्रेलचा.) क्रम एका संध्याकाळी पाठ होतो, सवय मात्र जात नाही. तीन पत्तीत बूट, म्हणजे सुरुवातीची सक्तीची रक्कम, सगळेच भरतात, तेव्हा प्रत्येक डावात आपले काही तरी अडकलेले असते आणि त्यासाठी थोडे टिकून राहण्याला अर्थ असतो. पॅक करणाऱ्याची थट्टा होते. नऊ जणांच्या पोकरमध्ये सक्तीचे पैसे एका वेळी दोघांचेच असतात, बाकी सात जणांना थांबण्याची किंमत शून्य. शिवाय तीन पत्तीत हातात आलेली पाने शेवटपर्यंत तीच राहतात. इथे मधली पाने उघडत जातात तशी हाताची किंमत खालीवर होते. वेगवेगळ्या दोन पानांना पहिल्या तीन पानांत जोडीही लागत नाही, असे तीनातून दोनदा होते. एकाच जातीच्या दोन पानांचा फ्लश तिथल्या तिथे लागणे शंभरात एकदाही होत नाही. पण लागला की तो डाव वर्षभर सांगितला जातो, न लागलेले शंभर कोणी सांगत नाही.

थापेचेही असेच. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४च्या आपल्या ग्रंथात पोकरचे गणिती प्रारूप मांडून दाखवले, की थाप हा या खेळाचा अटळ भाग आहे. नवखा त्यातले अर्धेच उचलतो. १००० च्या पॉटमध्ये १००० ची थाप मारायची तर ती निम्म्या वेळा तरी पचली पाहिजे. समोर दोघे असतील तर प्रत्येकाने दहातून सातहून किंचित जास्त वेळा पाने टाकली तेव्हा हिशेब कसाबसा जमतो. दुसरा नवखा तर पाने टाकतच नाही, तो उत्सुकतेने बरोबरी करतो. तरी एखादी थाप पचते. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूने ऑनलाइन पात्रता फेरीतून लास वेगासच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा गाठली आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकले. शेवटच्या लढतीतली त्याची थाप जगभर दाखवली गेली. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला २,५७६ जण आले. उरलेल्या ८३८ जणांच्या थापांचे काय झाले, हे कोणी दाखवले नाही.

अनुभवाने हे आपोआप सुधारते, असे म्हणणारे बरेच आहेत. वीस वर्षे खेळणारा माणूस काही तरी शिकतच असेल! शिकतो, पण काय, हा प्रश्न आहे. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणकप्रणालीची चार व्यावसायिक खेळाडूंशी लढत झाली. कोण वरचढ हे खात्रीने सांगता यावे म्हणून वीस दिवस १,२०,००० डाव खेळवले गेले. त्यातही नशिबाचा भाग कमी करायला तीच पाने उलटसुलट करून दोन खेळाडूंना दिली जात. प्रत्यक्ष टेबलावर तासाला फार तर तीसेक डाव होतात. एवढे डाव पुरे करायला चार हजार तास, आठवड्याला सहा तास बसले तर जवळजवळ तेरा वर्षे. तेवढ्यात माणसाचा खेळ, सोबती, बोलीची रक्कम, सगळे बदललेले असते. मग महिन्याभराच्या हारजितीवरून आपण बरे खेळतो की वाईट, हे ठरवणारा माणूस कशाच्या आधारावर ठरवतो?

यावर दुसऱ्या टोकाचे उत्तर तयार असते: म्हणजे सगळे नशीबच, डोके कशाला चालवायचे? ते तर्काला धरून नाही. एक डाव नशिबाचा असतो, म्हणून हजार डाव नशिबाचे होत नाहीत. वरच्या उदाहरणातला एक्का-गुलामवाला बहुतेक वेळा पैसे घेऊन जातो, आणि ते पैसे त्याच त्या एक्का-छक्कीवाल्यांच्या खिशातून येतात. चुकीला अधूनमधून बक्षीस मिळाले नसते तर ते टेबलावर पुन्हा आलेच नसते आणि चांगल्या खेळाडूची कमाईही थांबली असती. म्हणूनच एक्का-गुलामवाला हरूनही छक्कीवाल्याची चूक दाखवत बसत नाही.

उपाय म्हणून जे काही चालते ते टेबलापासून दूर चालते. डाव लिहून काढायचा, शेवटचे पान आणि निकाल झाकायचा, आणि प्रत्येक बोलीच्या वेळी काय माहीत होते तेवढ्यावरच निर्णय तपासायचा. हे काम कंटाळवाणे आहे आणि हरलेल्या डावांइतकेच जिंकलेल्या डावांचे करावे लागते, जे कोणाला नको असते. पैशाचा प्रश्न वेगळा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. आता पणजीला मांडवीवरच्या कॅसिनोत बसणाऱ्याला समोरच्या आठ जणांखेरीज कॅसिनोच्या कमिशनवरही मात करावी लागते. ते पॉटमधून कापले जाते, म्हणजे लहानसहान डाव जिंकत राहणाराही ते भरतच असतो. मात्र पहिली तीन पाने उघडण्याआधी डाव संपला, तर बहुतेक ठिकाणी ते घेत नाहीत. एक्का-छक्की टाकून देणाऱ्याला तर कुठेच काही भरावे लागत नाही.