उपाशी मेंदू आणि अनावर आवेग

मरण्याचा हेतू नसताना स्वतःच्या शरीराला जाणूनबुजून इजा करण्याचे प्रमाण खाण्याच्या विकारांच्या रुग्णांत बरेच मोठे आहे. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सुमारे २७ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीतरी अशी इजा केल्याचे दिसले, आणि बुलिमियाच्या रुग्णांत हे प्रमाण एकतृतीयांशाच्या जवळ होते. थोड्या वेळात आवर न घालता खूप खाणे आणि मग वजनाच्या धास्तीने ते भरून काढण्यासाठी टोकाचे उपाय करणे, या विकाराला लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिले. पुढे ह्युबर्ट लेसी यांनी काही रुग्णांत अनावर खाणे, व्यसन आणि स्वतःला इजा करणे एकत्र आढळते, हे दाखवून 'बहुआवेगी बुलिमिया' ही संकल्पना मांडली.

या संकल्पनेने रुग्णांकडे लक्ष वेधले खरे, परंतु आवेगशीलता म्हणजे संयमाचा अभाव, असा सोपा अर्थ त्यातून काढला जाण्याचा धोका राहिला. व्हाइटसाइड आणि लायनम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये आवेगशीलतेचे चार वेगळे पैलू दाखवले: परिणामांचा विचार न करणे, हाती घेतलेले काम तडीस न नेणे, थराराची ओढ, आणि मन दुःखाने वा लाजेने भरून आले असता काहीतरी करून ते तत्क्षणी थांबवण्याची निकड. अनावर खाणे आणि स्वतःला इजा करणे या दोहोंशी सर्वांत घट्ट नाते आढळते ते या चौथ्या पैलूचे. दोन्ही कृतींनी असह्य भावना क्षणभर ओसरते, त्या सुटकेमुळेच कृती पुन्हा घडते आणि मागाहून येणारी शरम पुढच्या आवेगाला बळ देते.

स्वभावाइतकाच विचार उपासमारीचाही करावा लागतो. अन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा मुळात मनाने सुदृढ असलेल्या या माणसांत चिडचिड, खिन्नता आणि खाण्यावरील ताबा सुटण्याचे प्रसंग दिसले; एकाने तर त्या प्रयोगाच्या काळात स्वतःला गंभीर इजा करून घेतली. म्हणून अन्न कटाक्षाने टाळणारी, अभ्यासू, शिस्तीची भासणारी मुलगी या धोक्यापासून दूर आहे असे मानणे चुकीचे ठरते, आणि नेमक्या अशाच मुलीला घरात किंवा दवाखान्यात याविषयी कोणी विचारत नाही, ही फार दुःखाची गोष्ट आहे.

उपचारांत नियमित आहार आणि भावनेची लाट सोसण्याचे शिक्षण एकत्रच चालावे लागते. मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी हे दुसरे काम करते. पालकांनी आणि डॉक्टरांनी दोष न देता, थेट आणि मायेने विचारावे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेशी १४४१६ या क्रमांकावर, कोणत्याही वेळी, मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.